पाटी नसलेलं यंत्र

१

यंत्र फुटलेलं सापडलं तेव्हा बाहेर ध्वनिक्षेपकावर विद्यापीठगीत वाजत होतं आणि माजी विद्यार्थी संघाची कार्यकारिणी चहात बिस्किटं बुडवत होती. स्नेहसंमेलनाची सकाळ होती. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो की नाही याबद्दल सचिवांची खात्री पटत नव्हती, म्हणून तेच गीत पुन्हा पुन्हा लावलं जात होतं. त्या कल्लोळात तळमजल्यावरच्या जुन्या प्रयोगशाळेत कोणी भिंत पाडली असती तरी पत्ता लागला नसता.

मला बोलावलं ते सचिवांनीच. आम्ही दोघं एकाच वर्षी इथून पदवी घेऊन बाहेर पडलो. ते प्राध्यापक झाले, वसतिगृहाचे अधीक्षकही झाले, आणि मी विमा कंपनीत सर्व्हेअर. कुठे आग लागली, मशीन फुटलं, छत कोसळलं की दावा खरा की बनाव, हे बघायला मी जायचे. मोडलेल्या वस्तू बघण्यात आणि त्यांच्याशेजारी उभं राहून खोटं बोलणाऱ्या माणसांचं ऐकण्यात माझं आयुष्य गेलं. संघाच्या संमेलनाला मी एरवी फिरकत नाही. त्या वर्षी घरात रंगकाम निघालं होतं आणि वासाने डोकं उठलं होतं, म्हणून गेले.

"जरा येतेस का?" सचिव माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "किरकोळ प्रकार झालाय. तू नुसतं बघ आणि त्या पोरीनेच केलंय एवढं सांग. तुझ्या तोंडून आलं की बरं दिसेल. जेवणाच्या आत मिटवून टाकू."

तपासाआधीच निकाल तयार ठेवायची ही पद्धत मला नवी नव्हती. मी कप खाली ठेवला आणि त्यांच्या मागोमाग निघाले.

आता ही पोरगी कोण, ते सांगते. आमचा संघ दरवर्षी एका ताज्या पदवीधराला पाठबळ देतो. म्हणजे वर्षभर प्रयोगशाळेत जागा, मार्गदर्शक म्हणून एक ज्येष्ठ सदस्य आणि सदस्यांच्या कारखान्यांत ओळखीपाळखी. त्याआधी त्या पदवीधराने संमेलनात सर्वांसमोर आपलं काम दाखवायचं, आणि सदस्यांनी टाळ्या वाजवून हे सगळं आपणच घडवलं अशा चेहऱ्याने घरी जायचं. यंदा निवड झालेल्या पोरीने पिण्याचं पाणी तपासायचं यंत्र बनवलं होतं. पाणी ओतलं की ते चांगलं का वाईट हे ते तिथल्या तिथे दिवा लावून सांगणार होतं. दुपारी तिचं प्रात्यक्षिक होतं, आणि त्यानंतर प्रयोगशाळेच्या नव्या इमारतीला संघाच्या अध्यक्षांचं नाव द्यायचा सोहळा.

जुन्या प्रयोगशाळेत शिरले आणि मला आधी दिसल्या त्या पाट्या. संघाने दिलेल्या प्रत्येक वस्तूवर पितळी पाटी असते. टेबलांवर मार्गदर्शकांची, म्हणजे एका निवृत्त मुख्य अभियंत्यांची पाटी. लोखंडी स्टुलांवर खजिनदार बाईंची, 'सासूबाईंच्या स्मरणार्थ'. खिडकीपाशी पाण्याचा भलाथोरला कूलर आणि त्यावर बशीएवढी अध्यक्षांची पाटी. अध्यक्षांचा कूलरचाच कारखाना आहे आणि विद्यापीठाच्या प्रत्येक व्हरांड्यात त्यांनी एकेक उभा केलाय. खिडकीच्या काचा बाहेरून कोणाला आत डोकावता येऊ नये म्हणून पांढऱ्या रंगवलेल्या होत्या. त्या काचांवर पाटी लावायची राहून गेली होती, बहुधा धरत नसेल म्हणून.

दाराच्या मागच्या कोपऱ्यातल्या टेबलावर यंत्राचा चुराडा पडला होता. एक स्टूल पाय वाकून आडवं झालं होतं. पोरगी भिंतीला टेकून उभी होती, डोळे कोरडे, ओठ घट्ट मिटलेले.

"हे बघ," सचिव म्हणाले, "इथे ठेवलं होतं, इथेच फोडलं."

"नाही सर," पोरगी म्हणाली. "मी ते इथे ठेवलंच नव्हतं."

२

सचिवांना मी बाहेर घालवलं. त्यांना ते आवडलं नाही, पण गीत पुन्हा सुरू झालं होतं आणि त्यांना मागच्या रांगेत जाऊन ऐकायचं होतं.

यंत्र कुठे ठेवलं होतंस, असं मी पोरीला विचारलं. तिने खिडकीकडे बोट दाखवलं. तिथेही अगदी असंच टेबल होतं, त्याच मापाचं, तीच पाटी मिरवणारं. कूलर आणि ते टेबल यांच्यात हात घालण्यापुरतीही जागा नव्हती. वीज घ्यायला बटण तिथे होतं, म्हणून तिने यंत्र आदल्या संध्याकाळी तिथे मांडलं होतं. यंत्र केवढं जड, तर भरलेल्या बादलीएवढं. एकट्या माणसाला उचलता येईल, पण हौसेने कोणी उचलणार नाही.

"आणि खोलीची किल्ली?"

"एक माझ्याकडे, मॅडम. दुसरी संघाच्या ऑफिसात खिळ्याला असते. ती कोणीही घेतं."

ते खरं होतं. सकाळभर कार्यकारिणीतले सगळे सगळीकडे होते आणि म्हणून कोणी नेमकं कुठे होतं हे कोणालाच सांगता येत नव्हतं. वेळेचा हिशेब मांडण्यात अर्थ नव्हता. मी खिडकीजवळचं टेबल बघितलं. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. कोपऱ्यातल्या टेबलाचा पत्रा मात्र चांगला खोल चेपला होता आणि पाटीच्या मधोमध घाव बसून मुख्य अभियंत्यांचं नाव दुमडलं होतं. स्टुलावरची सासूबाईंची पाटीही एका बाजूने निखळून लोंबत होती. ज्याने हे केलं त्याने हात राखून केलेलं नव्हतं.

"ते म्हणतात, तुझं यंत्र चालत नव्हतं. फजिती नको म्हणून तूच फोडलंस."

पोरगी म्हणाली, "मॅडम, हे वर्ष मिळालं नाही तर मला मामाच्या कापडाच्या दुकानात बसायचंय. आईने त्याला तसा शब्द दिलाय. गल्ल्याशेजारी स्टूलसुद्धा ठेवून झालंय. जे एकच दार उघडं होतं ते मी कशाला फोडीन?"

हे तिने रडूनबिडून सांगितलं नाही. मला ती आवडली. माझ्या धंद्यात खोटं बोलणारे आधी रडतात आणि मग कारण शोधतात.

आणखी काही बिघडलंय का, असं मी विचारलं. तिला आठवेना. मग ती बेसिनपाशी गेली आणि बाटल्यांच्या रांगेकडे बघत राहिली. प्रात्यक्षिकासाठी तिने विद्यापीठातल्याच वेगवेगळ्या ठिकाणचं पाणी भरून ठेवलं होतं. विहिरीचं, वसतिगृहाच्या टाकीचं, बागेतल्या नळाचं, कूलरचं. बाटल्या जागच्या जागी होत्या, झाकणं लावलेली होती.

"या रिकाम्या आहेत," ती म्हणाली. "सगळ्या. कोणीतरी ओतून, धुऊन ठेवल्यात. मॅडम, पाणी कोण चोरतं?"

३

मार्गदर्शकांना मी व्हरांड्यात गाठलं. पोरीवर आपलं पोटच्या मुलीसारखं प्रेम आहे, असं त्यांनी सांगितलं. तिचं नाव विचारलं तर खिशातून कार्यक्रमपत्रिका काढून बघितलं. निवड झाल्यापासून ते तिला दोनदा भेटले होते आणि दोन्ही भेटींचे फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये होते. एका फोटोत ते यंत्राच्या पाठीकडे बोट दाखवून तिला काहीतरी समजावत होते. ती त्यांच्याकडे ज्या सहनशीलतेने बघत होती, तिला खरं तर वेगळं पाठबळ द्यायला हवं.

यंत्र फुटल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण टेबल चेपल्याचं ऐकून ते खरे हळहळले. पाटीला काही झालं नाही ना, हे त्यांनी आधी विचारलं. झालंय म्हटल्यावर ते भिंतीला टेकले.

काल संध्याकाळी ती त्यांना भेटली होती. उद्या मी आपल्या विद्यापीठातलंच पाणी तपासणार आहे, असं तिने त्यांना सांगितलं होतं. ही गोष्ट त्यांनी कोणाकोणाला सांगितली?

"कोणालाच नाही," ते म्हणाले. "म्हणजे त्यानंतर चहाला कार्यकारिणी होती, तेवढ्यांनाच. घरातल्या घरात."

म्हणजे सगळ्या संशयितांना. मी त्यांचे आभार मानले. अशा माणसाच्या पोटात गुपित ठेवणं म्हणजे गळक्या बादलीत दूध ठेवणं.

खजिनदार बाई पुष्पगुच्छ मोजत बसल्या होत्या. कमी पडतील या काळजीत त्यांनी मला बसा म्हटलं नाही. त्यांचा भाचा यंदाच्या पाठबळाच्या निवडीत दुसरा आला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगी बाद झाली की त्याचा नंबर लागणार, हेही.

"लागू दे की," बाई म्हणाल्या. "तो काही कोणाच्या खांद्यावर पाय देऊन वर आलेला नाही. पण म्हणून मी काय स्टूल घेऊन हाणामारी करीन? आणि तेही आमच्या सासूबाईंच्या नावाचं?"

सासूबाईंच्या नावाचं स्टूल म्हणून तर त्यांनी आणखी जोर लावला असता, असं माझ्या मनात आलं. त्या दोघींचं कसं होतं हे मला माहीत होतं. तेवढ्या कारणाने त्यांना सोडता येत नव्हतं. त्यांच्याकडे हेतू होता आणि हातात ताकदही होती. बोलता बोलता त्यांनी भरलेली फुलांची टोपली एका हाताने बाजूला सरकवली.

मग सचिव. वसतिगृहाची टाकी शेवटची कधी धुतली, असं मी त्यांना सहज विचारलं. ते एकदम अधीक्षकांच्या आवाजात बोलायला लागले. टाकी नियमितपणे स्वच्छ होते, विरोधकांनी अफवा पसरवल्या आहेत वगैरे वगैरे. मी काही विरोधक नव्हते. मी नुसती टाकीची विचारपूस केली होती. पण त्यांच्या कपाळावर घाम फुटला तो काही उन्हाने नव्हे.

"हे बघ," ते शेवटी म्हणाले, "तू उगाच खोलात शिरतेस. अध्यक्षांनी तुला बोलावलंय. त्यांच्याकडे तोडगा आहे."

४

अध्यक्ष संघाच्या ऑफिसात मोठ्या खुर्चीत बसले होते. खुर्चीला पाटी होती. गोड बोलणारा माणूस. अर्धं शहर त्यांच्या कूलरचं पाणी पितं, हे ते प्रत्येक भाषणात सांगतात आणि प्रत्येक भाषणात त्यांना गहिवरून येतं.

चालून चालून मला तहान लागली होती. दाराशेजारी त्यांचाच कूलर होता. मी पेला उचलून नळाशी धरला, तोच त्यांनी लगबगीने उठून माझ्या हातातून तो काढून घेतला आणि सीलबंद बाटली पुढे केली.

"मॅडम, तुम्ही पाहुण्या. आमच्याकडे पाहुण्यांना बाटलीच."

मी बाटली घेतली. मीही याच विद्यापीठाची विद्यार्थिनी होते, पाहुणी कधी झाले ते मला कळलं नव्हतं.

तोडगा असा होता. पोरीने दुपारी मंचावर येऊन सांगायचं की यंत्र अजून कच्चं होतं, चाचणी करताना तिच्या हातूनच पडलं. संघ मोठ्या मनाने तिला माफ करील. यंदाचं वर्ष अर्थात भाच्याला जाईल, पण पुढच्या वर्षी तिचा सहानुभूतीने विचार होईल. कोणाचीच बदनामी नाही, सोहळ्याला गालबोट नाही.

"आणि तिने नाही म्हटलं तर?"

"तर संस्थेची मालमत्ता फोडली म्हणून आम्हाला तिचं नाव कळवावं लागेल. आमच्या सदस्यांचे एवढे कारखाने आहेत, मॅडम. सगळ्यांना कळवावं लागेल." हे ते अगदी काळजीच्या सुरात बोलले. "मुलगी हुशार आहे हो. कुठेच नोकरी मिळाली नाही तर वाईट वाटेल."

चाळीस वर्षं मी बनेल माणसं बघितली, पण धमकी देताना एवढं हळवं होणारा माणूस विरळा. मला त्यांची शिसारी आली, आणि ती लपवायला मी बाटलीचं झाकण उघडत बसले.

तिथून मी परत प्रयोगशाळेत आले. पोरगी तुकडे गोळा करत होती. मी एक धड स्टूल ओढून खोलीच्या मधोमध बसले आणि खिडकीतलं टेबल बघितलं, मग कोपऱ्यातलं. एक धड, दुसरं चेपलेलं. दोन्हींवर एकाच माणसाचं नाव. मोडकी वस्तू काय सांगते हे सगळेच ऐकतात. शेजारची धड वस्तू का धड राहिली हे विचारायला कंपनी मला पगार देत होती.

मग मला हसू आलं. एवढी साधी गोष्ट, आणि ती करायला एवढ्या मोठ्या सत्कारमूर्तीला बादलीभर वजन उचलून खोली ओलांडावी लागली होती.

"सगळ्यांना इथे बोलाव," मी पोरीला म्हटलं. "म्हणावं, मॅडमचा निकाल तयार आहे."

५

चौघेही आले. निकाल आपल्या मनासारखा असणार अशी खात्री असल्यामुळे ते प्रसन्न होते. सचिवांनी दार लावून घेतलं.

मी पोरीपासून सुरुवात केली. यंत्र फोडणाऱ्याने बाटल्याही रिकाम्या केल्या होत्या. आता फजितीला घाबरलेल्या पोरीला यंत्र मोडून पुरलं असतं. भाच्याच्या मावशीलाही तेवढंच पुरलं असतं. खजिनदार बाईंनी मान डोलावली, मग आपण कशाला मान डोलावली हे कळून त्या थांबल्या. यंत्र मोडल्यावरसुद्धा ज्याला पाण्याची भीती वाटली, त्याचं भांडण पोरीशी नव्हतंच. पोरीने दुसरीकडून कुठून यंत्र आणलं, बाटली बाहेर नेऊन तपासली, तर काय, या विचाराने त्याला घाम फुटला होता. आणि एकच बाटली ओतली तर बोट आपल्याकडे येईल, म्हणून त्याने सगळ्याच ओतल्या.

"विहीर आणि बाग कोणाच्याच नावावर नाहीत," मी म्हटलं. "राहिली वसतिगृहाची टाकी, आणि राहिला कूलर."

सचिव आणि अध्यक्ष एकमेकांकडे बघायला लागले. इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्यांनी एकमेकांकडे एवढं निरखून पहिल्यांदाच बघितलं असेल.

"यंत्र होतं खिडकीजवळच्या टेबलावर. फोडलं कोपऱ्यातल्या टेबलावर. का? टेबल वाचवायला म्हणावं, तर दोन्ही टेबलं एकाच दात्याची. पाटी चेपली त्याचं घाव घालणाऱ्याला काही वाटलं नाही. स्टूल मोडलं त्याचंही नाही. मग त्याने वाचवलं काय?"

मार्गदर्शक आपल्या दुमडलेल्या पाटीवरून अंगठा फिरवत होते.

"खिडकीतल्या टेबलावर स्टूल हाणलं असतं तर पहिला घाव कूलरवर बसला असता."

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "मॅडम, खिडकीतून कोणी बघेल म्हणून त्याने ते आत नेलं असेल. साधी गोष्ट आहे."

"काचा रंगवलेल्या आहेत. बाहेरून काही दिसत नाही. उलट हा कोपरा दाराला लागून आहे, व्हरांड्यातून जाणाऱ्याला चार पावलांवर. चोराने सुरक्षित जागा सोडून धोक्याची जागा धरली, तीही एवढं वजन उचलून. सचिवांनी यंत्र फोडलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे फोडलं असतं आणि कूलर चेपला म्हणून दोन घाव जास्तच घातले असते. तुम्हा लोकांना मी ओळखते. दुसऱ्याची पाटी वाचवायला तुमच्यातला कोणी बोटसुद्धा उचलणार नाही. या खोलीतल्या एकाच वस्तूची काळजी घेतली गेली, आणि ती काळजी ज्याचं नाव तिच्यावर आहे त्याच्याशिवाय कोणी घेणार नाही."

"अहो, पण एक घाव बसला असता तर कूलरला काय झालं असतं?" खजिनदार बाईंनी विचारलं. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

"बाजूचा पत्रा निघाला असता. म्हणजे आत काय आहे ते दिसलं असतं." मी पोरीकडे वळले. "स्क्रू ड्रायव्हर आहे ना तुझ्याकडे?"

"कूलर उघडायचा नाही," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा गहिवर कुठल्या कुठे गेला होता. "वॉरंटी जाते."

६

अशा वेळी चार शिकलेली माणसं काय करतात? ती गप्प बसतात, आणि मग त्यांच्यातला एक जण संस्थेचं हित काढतो. या खेपेला सचिवांनी काढलं. झालं ते झालं, असं ते म्हणाले. बाहेर एवढे सदस्य जमलेत, आज सोहळा आहे, विद्यापीठाचं नाव जाईल. टाकीवरचं बालंट टळल्याने त्यांच्या आवाजात नवं बळ आलं होतं. कूलर आपण सवडीने बघू. मुलीला यंदाचंच वर्ष देऊन टाकू, भाच्याचं पुढे बघता येईल. तिने फक्त मंचावर जाऊन यंत्र आपल्या हातून पडलं एवढं म्हणायचं.

अध्यक्षांनी मान हलवली. मार्गदर्शकांनी हलवली. खजिनदार बाईंनी भाच्यासाठी क्षणभर वाट बघून हलवली. आपला अध्यक्ष चोर निघाला याचा त्यांना धक्का बसला नव्हता. जेवणाला उशीर होईल याचा बसला होता. मला वाटलं, पोरगी हो म्हणेल, आणि म्हणाली असती तरी मी तिला दोष दिला नसता. तिला हवं ते वर्ष समोर टेबलावर ठेवलं होतं.

तिने बेसिनवरचा पेला घेतला, कूलरच्या नळाखाली धरून काठोकाठ भरला आणि अध्यक्षांपुढे धरला.

"तुम्ही हे प्या, सर," ती म्हणाली. "मी मंचावर जाऊन सांगते, यंत्र मी फोडलं."

पेल्यातलं पाणी दिसायला स्वच्छ होतं. अध्यक्षांनी त्याच्याकडे बघितलं, मग सचिवांकडे. सचिवांनी खिडकीकडे बघितलं, जिच्यातून काहीच दिसत नव्हतं. मार्गदर्शकांना एकदम खोकला आला. पेला तसाच हवेत राहिला.

"हे पाणी वसतिगृहातली मुलं रोज पितात," ती म्हणाली. "मीही चार वर्षं प्यायले. तिथे दरवर्षी कोणाला ना कोणाला कावीळ का व्हायची ते शोधायला मी हे यंत्र बनवलं."

तिने पेला अध्यक्षांसमोर टेबलावर ठेवला आणि दार उघडून सभागृहाकडे चालू लागली. मी तिच्यामागे गेले. कार्यकारिणी माझ्यामागे धावली, पण वयोमानाने जरा मागे राहिली.

मंचावर गीत चालू होतं. पोरीने ते बंद करायला लावलं. माईक हातात घेऊन तिने दोनच वाक्यं सांगितली. यंत्र फोडलंय, त्यामुळे प्रात्यक्षिक होणार नाही. पण यंत्राशिवायही एक गोष्ट बघता येते; कूलरचा बाजूचा पत्रा काढला की आत गाळणी आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं.

मला वाटलं, आता हे सगळे उठून जेवायला जातील. याच लोकांनी ही कार्यकारिणी निवडून दिली होती, तेव्हा माझी अपेक्षा ती काय असणार.

मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. लिफ्ट दुरुस्तीचं वर्कशॉप चालवणारी, इथलीच जुनी पदवीधर. "माझा मुलगा वसतिगृहात राहतो," ती म्हणाली, आणि पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढून व्हरांड्यात गेली. तिच्यामागे एक गेला, मग रांगच्या रांग. यंत्रांचे, इमारतींचे, विजेचे पदवीधर, पोटं सुटलेले, केस गेलेले, कोट काढून गुडघ्यांवर बसले आणि पत्रे काढायला लागले. सचिव माईकवरून विनंती करत होते की देणगीच्या वस्तूंना कृपया हात लावू नये. त्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत छान पोचत होता, पण मागच्या रांगेत कोणी नव्हतं.

एकाही कूलरमध्ये गाळणी नव्हती. टाकीतून आलेली नळी तशीच्या तशी तोटीला जोडलेली होती आणि मधल्या डब्यात बोटभर हिरवं शेवाळ साचलं होतं. थंड मात्र होत होतं पाणी, त्याबद्दल तक्रारीला जागा नव्हती. अध्यक्ष मागच्या दाराने गेले. प्रकृतीच्या कारणास्तव, असं सचिवांनी जाहीर केलं, आणि नव्या इमारतीच्या पाटीवरचं कापड तसंच राहिलं.

खजिनदार बाईंनी पोरीला बाजूला घेऊन बजावलं की शिस्तभंग झाल्यामुळे पाठबळाचा विषय आता कार्यकारिणीपुढे नव्याने येईल. म्हणजे मिळणार नाही. पोरीने ते ऐकून घेतलं. तिला हे मंचावर चढण्याआधीच माहीत होतं.

लिफ्टवाली बाई ओढणीला हात पुसत तिथे आली. "हिला नक्की काय काय देणार होते तुम्ही?" तिने खजिनदार बाईंना विचारलं. बाई पर्स उघडून काहीतरी शोधायला लागल्या, म्हणून तिने पोरीलाच विचारलं.

"जागा," पोरगी म्हणाली, "आणि एक वर्ष."

"जागा माझ्या वर्कशॉपमध्ये आहे. वर्ष तुझं तुला काढायचंय."

पोरगी हो म्हणाली. सकाळपासून त्या चौघांसमोर कोरड्या डोळ्यांनी उभी राहिलेली ती, हात बरबटलेल्या अनोळखी माणसांच्या गराड्यात पहिल्यांदा रडली. आमच्या संघाबद्दल मला काही ना काही बोलायचं असतंच. त्या दुपारी मी काही बोलले नाही.